भीती आणि मूठ

आठवीतल्या एका मुलीने कराटेच्या वर्गात नाव घालायचे ठरवले, तेव्हा आम्ही सहज कारण विचारले. ती म्हणाली, "सर, डर लगता है." इतके सरळ उत्तर आम्हाला मुलांकडून कधी मिळालेले नाही. मुले सिनेमातल्या नायकाचे नाव घेतात, दंड फुगवून दाखवतात. खोदून विचारले, की कुठल्या तरी गल्लीत खाल्लेला मार बाहेर येतोच.

आम्ही अकोल्यात उर्दू शाळेत शिकवतो, बी.एड. मात्र अमरावतीला केले. तिथले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केले. देश गुलामीत होता. तरुणांनी ताठ उभे राहावे ही त्यामागची तळमळ. याच मंडळाच्या खेळाडूंनी 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. ज्या बर्लिनमध्ये बळाची पूजा पुढे लाखोंच्या जिवावर उठली, तिथेच! अंग कमावण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच. ती कशासाठी, हे अंगावरून कळत नाही.

आमच्या मोहल्ल्यात मोहरमला लाठी-बनेठी फिरवणारे एक उस्ताद होते. शागिर्दाने बाहेर भांडणात लाठी उचलली, की त्याचे आखाड्यात येणे बंद. लहानपणी आम्हाला हे विचित्र वाटे. वापरायचीच नाही, तर शिकायची कशाला?

हा प्रश्न पुन्हा उभा राहिला तो नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगल झाली तेव्हा, आणि मे 2023 मध्ये आमच्या अकोल्यात झाली तेव्हाही. "मुलाला काहीतरी शिकवा," असे पालक म्हणू लागले. नाही कसे म्हणणार? पण रात्री झोप येईना. हा मुलगा मूठ आवळेल, तेव्हा त्याला समोर कोण दिसेल? शेजारच्या गल्लीतला, क्रिकेटमध्ये त्याच्याच संघात खेळणारा पोरगा? आणि त्या गल्लीतले पालकही आपल्या मुलांना हेच शिकवत असतील.

कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा नव्हे, तर रागात स्वतःला आवरणारा खरा बलवान, ही हदीस आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. खरे सांगायचे तर ती सांगताना मन थोडे चाचरते. ज्याच्या हातात ताकदच नाही, त्याच्या सब्रला सब्र म्हणायचे की लाचारी? मारू शकत असून न मारणाऱ्याचाच संयम आम्हाला खरा वाटतो. म्हणून ताकद हवी. पण ताकद आली म्हणजे संयम येतोच, असेही नाही. तो येतो उस्तादाच्या धाकाने, आणि रोज समोर उभ्या राहणाऱ्या जोडीदारामुळे. त्याचे हाड मोडले, तर उद्या आपला सराव कुणाबरोबर?

त्या मुलीला काही महिन्यांनी आम्ही पुन्हा विचारले, "अब डर नहीं लगता?"

"लगता है सर." मग हसून म्हणाली, आधी मैत्रिणीला पाडायचे, मग हात देऊन उठवायचे, यातच जास्त मजा येते. आणि हो, ट्यूशनहून येताना ती आता लांबच्या रस्त्याने येत नाही.