काठी हातात घेण्याआधी

काठी अजून हातात घेऊ नका. ती पाळीवरच्या गवतात आडवी टाका, गळांच्या डब्याचं झाकण लावलेलंच राहू द्या आणि झाडाला पाठ टेकून बसा. मोबाइल खिशात. मोठा मासा धरायचा आहे हे खरं, पण त्याची तयारी पाण्याकडे बघण्यापासून सुरू होते, आणि त्यासाठी दोन्ही हात रिकामे असलेले बरे.

तलाव डोळ्यांसमोर आणा. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यात, एकोडीच्या आसपास, असा तलाव शोधायला लांब जावं लागत नाही. एका अंगाला मातीची लांब पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, समोरच्या अंगाला हळूहळू उथळ होत गेलेलं पाणी. कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या मंडळींनी धानाला पाणी पुरावं म्हणून हे तलाव बांधायला घेतले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून ते साडेसहा हजारांहून जास्त भरतात. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे आले, आणि मासेमारीचा ठेका आता बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तेव्हा हौशी गळवाल्यानं सर्वांत आधी मिळवायची गोष्ट म्हणजे संस्थेचा होकार. ‘दादा, दोन तास बसू का?’ एवढं विचारायला काही लागत नाही, आणि कुठल्या कोपऱ्यात काय आहे हेही त्याच बोलण्यात कळून जातं. विचारलं नसेल तर उठा, ते करून या, मग पुन्हा बसा. चोरून बसलेल्या माणसाचं मन पाण्यावर राहत नाही, पाळीवरून कोण येतंय तिकडेच राहतं.

आता पाणी बघा. एका जागी टक लावू नका, नजर सैल सोडा. कमळाची पानं, पानांमधल्या मोकळ्या जागा, काठाला माजलेली बेशरमाची झुडपं. एखादा कमळपक्षी पानांवर लांब बोटं टाकत चाललेला असेल. त्याला बघा आणि जाऊ द्या. काठावरचा ढोकरी बगळा हलत नाहीये, तोही इथं त्याच कामाला आलेला आहे. थोड्या वेळानं पाण्यावरच्या बारीक हालचाली वेगवेगळ्या दिसू लागतात. वाऱ्यानं हललेलं पान एका लयीत हलतं. खालून देठाला धक्का बसलेलं पान एकदाच थरथरतं आणि थांबतं. मग कुठंतरी मोकळ्या जागेत ‘गप्’ असा हलका आवाज होतो, एक वर्तुळ उमटतं, मधे एखाददुसरा बुडबुडा राहतो.

मरळ श्वास घेऊन गेली.

बास नावाच्या माशाभोवती अमेरिकेत गळाच्या शौकिनांची मोठी दुनिया उभी आहे. आपल्या तलावांत तो मासा नाही. पण पानांखाली दबा धरून बसायचं, वरून काही गेलं की एका झेपेत ते तोंडात घ्यायचं, हा त्याचा स्वभाव इथं मरळ सांभाळते, आणि बाससाठी घडवलेली बरीच हत्यारं तिला जशीच्या तशी लागू पडतात. फरक एका बाबतीत आहे, आणि तो मोठा आहे. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर जगता येत नाही. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, हवा घेण्याचा एक कप्पा असतो. तो भरायला तिला थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. म्हणूनच ती गढूळ, कोमट, इतर माशांना गुदमरवणाऱ्या पाण्यात टिकते, बोडी, म्हणजे लहान तळं, आटली की ओल्या चिखलात दडून राहते, आणि बाजारात टोपातल्या चार बोटं पाण्यात वळवळत जिवंत विकली जाते. आणि म्हणूनच, वर येण्यापासून तिला कुणी अडवलं, तर मासा असूनही ती बुडून मरते.

हे क्षणभर मनात राहू द्या. स्वतःचा श्वास बदलू नका, मोजू नका. तो चालला आहे एवढं फक्त लक्षात असू द्या. वर्तुळ उमटलं त्या जागेवर नजर ठेवा. तुमचे कितीतरी श्वास होऊन जातील तेव्हा तिचा पुढचा एक होईल, बहुधा तिथंच किंवा हातभर अलीकडे-पलीकडे. ती कुठं आहे, साधारण केवढी आहे, एका जागी बसली आहे की फिरते आहे, हे सगळं त्या दोन वर्तुळांवरून कळतं. मासा शोधायचं यंत्र विकत मिळतं, पण गुडघाभर पाण्यातल्या वेलीत ते काय दाखवणार?

आता डबा उघडा. रंगीत आमिषं बाजूला सारा आणि आधी दोरी हातात घ्या.

मोठ्या माशाशी बारीक दोरीनं झुंजण्यात शौर्य आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. नदीच्या मोकळ्या डोहात महाशीर धरताना त्या मानण्याला थोडाफार अर्थ असेलही. वेलींनी भरलेल्या तलावात नाही. गळ लागल्याबरोबर मरळ खाली सूर मारते आणि देठांच्या दाटीत शिरते. दोरी चार-सहा देठांना वेढे घेते. तुम्ही ओढता, बारीक नायलॉन तटकन तुटतं, आणि तुम्ही म्हणता, ‘सुटला!’ संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्या माशाचं वजन वाढत जातं.

तो सुटलेला नसतो. तुम्ही पाळीवर उभे आहात ते विसरा आणि मनानं पाण्याखाली जा. गळ जबड्यात रुतलेला आहे. गळापासून निघालेली वीतभर दोरी कमळाच्या देठांना घट्ट गुंडाळलेली आहे. वर उजेड दिसतो आहे, हवा हातभर अंतरावर आहे, आणि श्वासाची वेळ झाली आहे. ती वर झेप घेते, दोरी तिला मागे खेचते. ती पुन्हा झेप घेते.

इथं थांबा. घाईनं पुढं जाऊ नका. हे चित्र नकोसं वाटतं, आणि ते तसं वाटायलाच हवं, कारण दोरीची निवड त्यावरच करायची आहे. विणलेली दोरी घ्या, चाळीस-पन्नास पाउंड ताण सोसणारी, म्हणजे १८ ते २३ किलोंची. मासा दोन-तीन किलोंचा असेल, पण दोरीला माशासोबत वेलींचा भाराही उपसायचा असतो. काठी सात फुटांच्या आसपास आणि ताठ, खालचं अंग मजबूत. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, आवळा, मग गळ खुंटीला अडकवून जीव खाऊन ओढून बघा. सुटायची असेल तर ती इथं, कोरड्यात सुटू द्या. गळ लागल्यावर खेळवत बसायचं नाही. काठी उंच धरून, दोरी ढिली न सोडता, मासा पानांच्या वरूनच सरळ आणायचा. बघणाऱ्याला यात मजा वाटणार नाही. न वाटू दे.

मग आमिष. पूर्वी गळाला जिवंत बेडूक लावत, काही ठिकाणी अजून लावतात. मी लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये असं मला वाटतं. गळ टोचलेल्या बेडकाच्या तंगड्या हलत राहाव्यात म्हणूनच तो जिवंत ठेवायचा, यातलं कौशल्य मला कधी कळलं नाही. शिवाय बेडूक बांधीतले किडे खातो, तो धानाच्या कामाचा आहे. भारतानं बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली, तेव्हा पिकांवरच्या किडींचा मुद्दा त्या चर्चेत होताच.

पोकळ रबरी बेडूक हातात घ्या. अंगठा आणि बोट यांच्यात दाबून बघा. पाठीला चिकटून दोन जाड गळ बसलेले आहेत, टोकं वर, अंगावर टेकलेली. त्यामुळे तो पानांवरून, देठांमधून, शेवाळावरून काही न अडकता सरकत जातो. मरळ जबडा मिटते तेव्हा रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. या एका युक्तीसाठी त्या वस्तूचे पैसे द्यावेत. त्याच्या पाठीवरच्या हिरव्या-पिवळ्या नक्षीसाठी देऊ नयेत. मासा खालून बघतो, त्याला दिसतं ते पोट. नक्षी गिऱ्हाइकासाठी असते. पोट काळं किंवा पांढरं असलं की झालं. गळाची तार मात्र जाड बघा, कारण मरळीचा जबडा हाडांचा आणि दातांचा आहे, त्यात बारीक गळ वाकतो. आणि टोकाच्या मागचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा. दोरी ताणलेली राहिली तर मासा त्यानं सुटत नाही. आणि कधी दोरी तुटलीच, तर सपाट काट्याचा गळ झटकून टाकण्याची संधी तिला राहते.

आता काठी घ्या. वर्तुळावर फेकू नका. त्याच्या पलीकडे, पानावर पडेल असा बेडूक टाका. पडू दे, तसाच राहू दे. त्याच्या पडण्यानं उठलेल्या लाटा विरेपर्यंत काही करू नका. मग काठीचं टोक जरासं हलवा. बेडूक पानाच्या कडेशी आला. थांबवा. पाण्यात उतरला. पुन्हा थांबवा. नवशिक्या सतत गुंडाळत राहतो, मरळ येते ती बहुतेक वेळा बेडूक थांबल्यावर.

पाणी फुटेल तेव्हा तुमचे खांदे आधी दचकतील. हीच या सगळ्या बसण्याची परीक्षा आहे. हात झटका मारायला धावतो. तेव्हाच झटका मारला तर बेडूक उघड्या तोंडातून परत येतो, जबडा मिटायच्या आत. पाणी फुटलं, हात जागच्या जागी. बेडूक दिसेनासा झाला, हात जागच्या जागी. दोरी चालू लागली, वजन हाताला कळलं, आता. तो मधला क्षण लांबवता येणं ही या तंत्रातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही. वार हुकला तर बेडूक ओढून घेऊ नका, तिथंच पडू द्या. पुष्कळदा ती परत येते.

‘मोठी’ म्हणजे केवढी, हाही प्रश्न मनात फिरवून बघा. २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुणानं २२ पाउंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंवर जाणारा बास धरला. मंदीचे दिवस होते. वजन नोंदवलं गेलं आणि मासा घरी खाल्ला गेला. त्याची बरोबरी झाली थेट २००९ मध्ये, जपानच्या बिवा तलावात, मानाबू कुरिता यांच्या हातून. मधल्या ७७ वर्षांत काठ्या, रिळं, दोऱ्या सगळं बदललं, आकडा तिथंच राहिला. तलावात एवढा मासा वाढलाच नसेल तर कुठलंही हत्यार तो आणून देणार नाही. इथंही तेच. बेशरम हटवून, देशी पाणवनस्पती पुन्हा लावून गावातल्या माशांना जागा करून देण्याचं काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या संस्थांबरोबर केलं. मोठी मरळ हवी असणाऱ्यानं गळाइतकंच त्या कामाकडे लक्ष द्यावं. (महाराष्ट्रानं २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, तेलंगणानं त्याआधीच मरळीला. भंडाऱ्याचं मत कुणी विचारलं नसावं.)

मोठी मादी जास्त अंडी घालते. म्हणून खायला मधली ठेवा, सर्वांत मोठी सोडा. हात ओले करून धरा, कोरड्या फडक्यानं पुसू नका, अंगावरचा बुळबुळीतपणा हे तिचं कवच आहे. ती बाहेर बराच वेळ तग धरते म्हणून लोक तिला फोटोसाठी ताटकळत ठेवतात. तग धरणं वेगळं आणि बरं असणं वेगळं.

पाऊस सुरू झाल्यावर पाण्यावर एक निराळी खूण दिसते. बारीक सरी पडाव्यात तसं चटईएवढ्या जागेत पाणी कुजबुजतं, आणि आकाश तर कोरडं असतं. ती पिल्लं, केशरी-लाल, शेकड्यांनी, एकदम श्वासाला वर आलेली. त्यांच्या खाली आई-बाप असतात, बऱ्याचदा बापच. या घोळक्यात बेडूक टाकला तर पालक नक्की झेपावतो. भूक असो-नसो, तो पिल्लं राखायला येतो. मोठा मासा हमखास मिळवायची ही सर्वांत सोपी रीत आहे, आणि ती बरेच जण अभिमानानं शिकवतात. घोळक्याकडे पुरेसा वेळ बघा. पालक गेला की बाकीचे मासे आणि बगळे त्या शेकड्यांचं काय करतात, ते समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. मला ही रीत मान्य नाही.

तेव्हा त्या दिवसांत रबरी बेडूक डब्यात राहू द्या. रोहू, मृगळ साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज संस्थेनं पैसे घालून सोडलेलं असतं. अध्यक्ष हो म्हणाले तर बारीक गळ आणि कणकेची गोळी लावा, पाळीच्या खोल बाजूला बसा, आणि मिळालेला मासा संस्थेच्या काट्यावर तोलून, पैसे देऊनच घरी न्या.