पावलांचे छायाचित्र आणि नावाचा प्रश्न

वृत्तछायाचित्राची नैतिक चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. चित्रिताची संमती होती काय, हा पहिला. आणि परदुःख पाहणे हा त्या दुःखाचा उपभोग ठरतो काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाची मांडणी सुसान सोंटाग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’त केली आणि २००३ मध्ये ‘रिगार्डिंग द पेन ऑफ अदर्स’मध्ये आपल्याच निष्कर्षांची फेरतपासणीही केली. प्रादेशिक समूहजीवन टिपणाऱ्या छायाचित्रकारापुढे मात्र आणखी एक प्रश्न असतो. चित्रातील माणूस तेथे व्यक्ती म्हणून येतो, की समूहाचे चिन्ह म्हणून?

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून तो १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचला. दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा मोर्चेकऱ्यांनी रात्रीतून पार केला. त्या आठवड्यातील सर्वांत परिणामकारक चित्रे होती ती सोललेल्या, रक्ताळलेल्या पावलांची. ती पाहून शहर हेलावले. लोक पाणी, अन्न, चपला घेऊन रस्त्यावर आले. चित्राने आपले काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या चौकटीत चेहरा नाही आणि बहुतेक ठिकाणी नावही नाही. ही अनुपस्थिती किरकोळ मानता येत नाही. कारण मोर्चाची एक मुख्य मागणी नावाचीच होती. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार आपल्या नावे व्हावी, यासाठी चालत होते. हा कायदा दावेदाराकडून पुरावा मागतो: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा होता काय? रोलां बार्थ छायाचित्राचे सार ‘हे होते’ या साक्षीत पाहतो. शासनालाही दावेदाराकडून नेमकी हीच साक्ष हवी असते. फरक एवढाच की कागदावरील साक्षीला नाव लागते, चित्रातील साक्षीला ते लागत नाही. ज्याला दप्तरात नाव हवे होते, तो सार्वजनिक स्मृतीत अनामिक होऊन स्थिरावला.

चेहऱ्याचा लोप मुळातच अन्यायकारक असतो, असे मात्र म्हणता येणार नाही. याच डोंगरपट्ट्यातील बोहाड्यात मुखवटा चढवलेला माणूस रात्रभर संबळाच्या तालावर देव वा दैत्य होऊन नाचतो. त्याचाही चेहरा झाकलेला असतो. परंतु मुखवट्याखाली कोण आहे, हे गावाला ठाऊक असते. तेथे व्यक्तीने समूहाच्या संमतीने चिन्हत्व पत्करलेले असते आणि पहाटे ती ते उतरवू शकते. पावलांच्या चित्रात चिन्हत्व बाहेरून लादले जाते आणि ते उतरवण्याची सोय नसते. नैतिक भेद चेहरा झाकण्यात नसून झाकण्याचा आणि उघडण्याचा अधिकार कोणाकडे, यात आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की अनामिकता दुर्बलाचे रक्षण करते. शिवाय एका नावाने चित्र व्यक्तिगत करुणेपुरते आकसते, तर अनामिक पाऊल सर्वांचे होते. आक्षेपाचा पहिला भाग योग्य आहे; पण मग अनामिकतेची निवड चित्रिताची हवी. दुसरा भाग परिणामावरच टिकत नाही. ‘सर्वांचे’ झालेले पाऊल घटनेबरोबर संपते. लेखी आश्वासनांनी २०१८ चा मोर्चा थांबला. तरी फेब्रुवारी २०१९ आणि मार्च २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातून पुन्हा मोर्चे निघाले. प्रतीकाला शेवट मिळाला होता, दाव्याला नव्हता.

म्हणून छायाचित्रकाराचे उत्तरदायित्व कळ दाबण्याच्या क्षणाशी संपत नाही. विचारून घेतलेले नाव, गाव, दाव्याची अवस्था आणि काही काळाने त्याच दारी पुन्हा जाणे, हे चित्राच्या अर्थाचेच घटक होत. छायाचित्राखालील ओळ संपादकीय सोय मानली जाते. नाशिकच्या या उदाहरणात ती ओळ म्हणजे चित्रिताला देणे असलेली गोष्ट आहे, आणि ती न देता घेतलेले चित्र कितीही प्रभावी असले तरी अपुरेच राहते.