सापडतो तो सेल्फीवाला

३० जून २०२४च्या रविवारी लोणावळ्याजवळच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरहून आलेल्या एका कुटुंबातल्या पाच जणांचा बळी गेला. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ रात्रीपर्यंत देशभर फिरला. पाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलैला लागू झाली होती आणि तिच्याच कलम १६३खाली मावळ तालुक्यात हा आदेश लागू झाला. खोल पाण्यात उतरू नये, घोळक्याने जमू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, रील करू नये. मोडल्यास कारवाई.

आदेशात गैर काही नव्हते. टायगर पॉइंटच्या कड्यावर पाठ करून उभ्या राहणाऱ्याला कोणीतरी खेचायलाच हवे. पण जाब फक्त रील काढणाऱ्याला विचारला गेला. ते रील पिंपरी-चिंचवडच्या, ठाण्याच्या, पनवेलच्या हजारो फोनांवर शुक्रवारी संध्याकाळी नेमके कोणी पोहोचवले, हा प्रश्न कागदावर आलाच नाही. लोणावळ्याची गर्दी मोबाइलच्या आधीपासूनची आहे हे खरे. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या भुशीच्या पायऱ्यांवर आमच्या आधीच्या पिढ्याही भिजल्या. परंतु तेव्हा कोणत्या धबधब्याला जायचे हे ओळखीचा माणूस सांगे आणि सोबत शेवाळ कुठे आहे हेही सांगे. आता सांगणारा वेगळा आहे. २०२० साली जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. तेव्हापासून तुमच्या बोटाखाली पुढे काय यावे हे ओळखपाळखीवर नव्हे, तर आधीच्या चित्रफितीवर तुम्ही किती सेकंद थांबलात यावर ठरते. पाण्याच्या अगदी काठावर उभा असलेला माणूस दिसला की बघणारा थांबतोच. म्हणून तसलीच दृश्ये आणखी पुढे जातात.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ने समाजमाध्यमांच्या कंपन्यांना कवच दिले आहे: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला त्या जबाबदार नाहीत. पण कवचाला अटी आहेत. निरोप आपण सुरू केलेला नसावा, तो कोणाला मिळावा हे आपण निवडलेले नसावे, आणि निरोपातली माहिती आपण निवडलेली किंवा बदललेली नसावी. तार खात्याला किंवा टपालवाल्याला शोभणारी ही अट आहे. रील दाखवणारी यंत्रणा मात्र दिवसरात्र एकच काम करते, कोणते दृश्य कोणाला दाखवायचे ते निवडण्याचे. मग कवच कशाच्या जोरावर टिकते? माझ्या मते लोकप्रतिनिधींनी कंपन्यांना विचारण्यासारखा सर्वांत मोठा प्रश्न हाच आहे. बाकी पुष्कळसा गोंगाट.

गोंगाटात सापडतो कोण, याचा महाराष्ट्राला अनुभव आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी पालघरची एक मुलगी आणि ती पोस्ट आवडली म्हणणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. त्याच कायद्याच्या ज्या कलम ६६-अची त्यातून देशभर चर्चा झाली, ते २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. पुढे व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनला धरण्याची लाट आली. ग्रुपमधल्या दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२१मध्ये सांगावे लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच रुजलेली नाही.

कंपनी बदलू शकत नाही, हेही खरे नाही. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. अफवा त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होती. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपनीला खडसावले आणि त्याच महिन्यात ‘फॉरवर्डेड’ची खूण आली, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर झाली. कोणाचाही निरोप न वाचता, कोणाचेही तोंड न दाबता यंत्राचा वेग कमी करता आला. हे आधी का सुचले नाही, असे विचारायला कोणी उरले नव्हते असे नाही. विचारण्याची रीतच आपण घालून घेतलेली नव्हती.

भुशीच्या त्या व्हिडिओचे पुढे काय झाले? मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बायकामुलांचे चेहरे आजही कोणी पाहू शकतो, आणि त्या पाहण्याच्या आगेमागे जाहिरात झळकू शकते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो कायद्यात उतरायला सहा वर्षे लागली: न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा मसुदा, संयुक्त संसदीय समिती, २०२२मध्ये मागे घेतलेले विधेयक, आणि ऑगस्ट २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, ऐकायला भारदस्त. मात्र तो जमा होतो सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती उधळली गेली त्याला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातले जुने कलम ४३-अ या नव्या कायद्याने काढून टाकायचे ठरवले. उलट नागरिकाने खोटी किंवा फालतू तक्रार केली तर त्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय एखाद्याने खासगी वा घरगुती कारणासाठी केलेला वापर कायद्याबाहेर. काठावरून चित्रण करणारा या सवलतीचा आधार घेईल आणि कंपनी कलम ७९चा.

दिल्लीत याची विचारपूस झालीच नाही असे नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये अनुराग ठाकूर यांच्या संसदीय समितीने ट्विटरच्या प्रमुखाला बोलावले. तो आला नाही, दुसरा अधिकारी आला. सप्टेंबर २०२०मध्ये शशी थरूर यांच्या समितीपुढे फेसबुकचे भारतातले प्रमुख बसले. काय विचारले, काय उत्तर मिळाले? आपल्या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. फेसबुकचे प्रमुख मार्क झुकेरबर्ग एप्रिल २०१८मध्ये अमेरिकी सिनेटपुढे कसे अडखळले हे आम्ही तळेगावात बसून पाहिले; माहितीगळतीच्या त्याच केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात ५ लाख ६२ हजार भारतीयांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच सांगितली, पण आपल्या खासदारांनी त्यावर कोणाला कसे घेरले, हे आम्हाला बातमीदारांच्या कुजबुजीतून कळायचे. जानेवारी २०२५चा किस्सा तर बोलका आहे. २०२४च्या निवडणुकीत भारतातले सत्ताधारीही हरले, असे झुकेरबर्ग एका मुलाखतीत चुकून बोलले. संसदीय समितीचे अध्यक्ष निशिकांत दुबे यांनी बोलावण्याचा इशारा दिला आणि काही दिवसांत फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या भारतीय अधिकाऱ्याने माफी मागितली. सरकारच्या प्रतिमेला ओरखडा गेला की कंपनीला इतके चटकन ऐकू येते!

याच कारणाने सगळे सरकारच्या हाती द्यावे असे मी म्हणणार नाही. सरकारविषयीची खरी-खोटी बातमी सरकारच ठरवणार, हा तथ्य-तपासणी कक्षाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये रद्द केला, ते योग्यच झाले. आणि प्रत्येक अपघाताचे खापर फोनवर फोडणेही लबाडीचे आहे. १५ जून २०२५ला मावळातल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा गंजलेला लोखंडी पूल कोसळून चौघे गेले. धोकादायक म्हणून माहीत असलेला तो पूल बंद न करणे हा पहिला दोष आहे, गर्दी का जमली हा दुसरा. पण दुसराही आहेच. अशा वेळी पाण्यात उतरतात ती शिवदुर्ग मित्र, वन्यजीव रक्षक मावळ यांसारख्या संस्थांची पोरे, बहुतेक स्वतःची कामे टाकून.

मग कंपनीला विचारायचे कोणी? ८ जुलै २०२१ रोजी दिल्ली विधानसभेच्या समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फेसबुकच्या अधिकाऱ्याला राज्याच्या विधिमंडळाची समिती बोलावू शकते. केंद्राच्या अखत्यारीतल्या विषयांवर मात्र तो उत्तर नाकारू शकतो. दिल्लीची अडचण अशी की तिथली कायदा-सुव्यवस्था केंद्राकडे आहे. महाराष्ट्राची ती राज्याकडेच आहे, आणि पर्यटकांचे नियोजन, रुग्णवाहिका, गडांवरची गर्दी हेही राज्याच्याच डोक्यावर. म्हणून मुंबईत किंवा नागपुरात अधिवेशन भरेल तेव्हा मावळच्या आमदाराने विचारण्यासारखा प्रश्न तयार आहे: १३ ते १५ जून २०२५ या तीन दिवसांत कुंडमळ्याच्या चित्रफिती पुणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या किती फोनांवर, त्यांनी न शोधता, पुढे सरकवल्या गेल्या? हे आकडे काढण्याची साधने कंपनीपाशी आहेत. त्याच साधनांवर ती जाहिरातदारांना हिशेब देते.