फेणीला मान मिळाला, तावेर्नाचे काय?

काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2016 मध्ये गोवा सरकारने कायदा बदलून तिला देशी दारूच्या वर्गातून बाहेर काढले आणि वारसा पेय ठरवले. 2021 मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरण आले. हा सगळा सन्मान बाटलीला मिळाला. ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या ती प्यायली गेली, त्या गावच्या तावेर्नाकडे कोणी वळूनही पाहिले नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत तर नाहीच नाही. गोव्याच्या बारविषयी जे काही लिहिले जाते ते फोंतेन्हासच्या गल्लीत किंवा किनाऱ्यावर संपते. पेडण्यातले हरमल-मोरजी त्यात येतात, पण ते पर्यटकांचे हरमल-मोरजी. आतल्या गावांची नोंद कोण ठेवतो?

इंग्लंडमध्ये हे काम सामान्य ग्राहकांनी अंगावर घेतले. 1971 साली स्थापन झालेल्या ‘कॅमरा’ या संघटनेचे शहरोशहरीचे सभासद आपापल्या भागातल्या पबमध्ये जातात, बिअर कशी राखली आहे ते चाखतात आणि लिहून ठेवतात. 1974 पासून त्यांची मार्गदर्शिका निघते. जुन्या पबच्या अंतर्भागांची त्यांनी वेगळी यादी केली आहे. 2011 च्या एका कायद्याने तर तिथल्या लोकांना आपला पब समाजोपयोगी मालमत्ता म्हणून नोंदवता येतो. तो विक्रीला निघालाच तर खरेदीची जुळवाजुळव करायला त्यांना सहा महिने मिळू शकतात. आधी नोंदी झाल्या, म्हणून पुढे संरक्षण मागता आले.

आपल्याकडे नोंद नसल्याची किंमत 2017 मध्ये कळली. महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. लहान वस्त्यांसाठी पुढे ते अंतर 220 मीटर झाले. अपघात टाळण्याचा हेतू रास्तच होता. पण महाराष्ट्राच्या सीमेकडे, पत्रादेवीच्या वाटेवर गाडी थांबवून खोकी भरून देणारे दुकान आणि घराच्या पडवीत चार बाकडी टाकून चालणारे तावेर्न, दोघांना एकच फूटपट्टी लागली. सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत ‘गोवा बनावटीची दारू’ पकडल्याच्या बातम्या वरचेवर येतात. तो माल जातो तो पहिल्या प्रकारच्या व्यापारातून. दुसऱ्याची बाजू मांडायला कागदाचा एक कपटाही कोणाकडे नव्हता.

दारूने घरे मोडली, हा आक्षेप मी बाजूला सारणार नाही. पेडणे-डिचोलीसारख्या नव्या काबिजादीतल्या गावांत तो आयाबायांनी स्वतः भोगून मांडलेला आहे. म्हणूनच तावेर्नांचे परीक्षण हवे. तोल गेलेल्या माणसाला आणखी एक पेग ओतणारा मालक कोण, आणि ‘पुरे, आता घरा वच’ म्हणणारा कोण, हे गावाला ठाऊक असते. ते लिहिले मात्र जात नाही. चांगल्या तावेर्नात पिणारा गावाच्या नजरेखाली असतो. काउंटरमागे बहुधा घरचेच कोणी असते, पुष्कळदा घरातली बाईच. तिच्यासमोर माणूस जिभेला आवर घालतो. बाटली घेऊन माळावर बसणाऱ्याला हा धाक नसतो.

परीक्षकाने पाहायचे ते मालाचे मूळ. काजूची बोंडे कोळंबीत, म्हणजे तुडवण्याच्या टाकीत, तुडवून निघालेला रस आंबवला, भट्टीवर चढवला की पहिल्या धारेचा हुर्राक मिळतो. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. हुर्राक टिकत नाही, त्याचा हंगाम फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत. पावसाळ्यात कोणी ‘ताजा हुर्राक’ म्हणून पुढे केला तर तिथेच शेरा मारावा. फेणी किती ग्रावची (म्हणजे किती कडक), कोणत्या भट्टीची, या प्रश्नांची उत्तरे मालकाला लगेच देता आली पाहिजेत. ज्याला भट्टीवाल्याचे गाव सांगता येते, त्याच्याकडची फेणी मी निर्धास्त घेईन. सोबत काय मिळते तेही लिहावे: उकडलेले चणे, मीठ-मिरची लावलेली कैरी, भाजलेला खारा बांगडा.

डिचोलीत आणखी एक थर आहे, खाणींचा. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि 2018 मध्ये परत थांबल्या. ट्रक उभे राहिले तशी त्यांच्यावर चालणारी खानावळ, गॅरेज, बार यांचीही कमाई आटली. पेडण्यात उलटी ओढ आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू झाला आणि जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. रस्त्यालगतची पडवी विकून मिळणारी रक्कम तावेर्न चालवून जन्मात मिळणार नाही. मालकाला दोष देता येत नाही. पण ती जागा गेली की गावातल्या वयस्क माणसांची संध्याकाळची बैठक जाते आणि जवळच्या छोट्या भट्टीचे हक्काचे गिऱ्हाईकही जाते. बाटलीबंद ब्रँड त्या भट्टीवाल्याकडून माल घेतीलच असे नाही. धोरणाने फेणी जगेल. भट्टी आणि तावेर्न यांचे नाते त्याने आपोआप जगत नाही.

नोंदीचे हे काम पणजीहून कोणी येऊन करणार नाही, आणि केले तरी बाहेरच्याला मालक खरे सांगणार नाही. पेडणे, डिचोली, साखळीच्या वाचकांनी येत्या हुर्राकाच्या दिवसांत वही घेऊन आपल्याच गावच्या तावेर्नात जावे. सुरू कधी झाले, माल कुठला, कोण बसते, किती वाजता बंद होते, मालक कोणाला नाही म्हणतो, एवढे लिहावे. जे वाईट आहे तेही लिहावे. मग त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी आणि एक पंचायतीत द्यावी.