यीस्टच्या टाकीतला दवणा

मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हे औषध जिच्या पानांतून निघते, ती वनस्पती म्हणजे जोतिबाला वाहतात त्या दवण्याची चुलत बहीण. चीनच्या तू योयो यांनी 1972 साली तिच्यातून हे द्रव्य वेगळे काढले आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. गडचिरोलीत फाल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला आज मिळणारे उपचार याच द्रव्यावर उभे आहेत.

अडचण पिकाची होती. वाळलेल्या पानांत औषध शेकडा एकाच्या आसपास, आणि लावणीपासून गोळीपर्यंत वर्ष सहज उलटते. मागणी वाढली की भाव कडाडायचे. मग चीन, व्हिएतनाम, पूर्व आफ्रिकेतले शेतकरी लागवडीकडे वळायचे, माल उदंड झाला की भाव कोसळायचा आणि पुन्हा टंचाई. यात शेतकरीही भरडला गेला आणि रुग्णही.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत जे कीसलिंग यांच्या चमूने यीस्टकडे पाहिले. यीस्ट आपल्या पेशीच्या पटलासाठी एक कच्चा रेणू बनवतेच. चमूने त्या वाटेवर वनस्पतीची जनुके बसवून रेणूला वेगळे वळण दिले. साखरेवर वाढणारे हे यीस्ट आर्टेमिसिनिक आम्ल तयार करू लागले. पुढे सुधारत ते लिटरमागे 25 ग्रॅमपर्यंत गेले. त्यापासून औषध करायला शेवटी प्रकाशाची मदत घ्यावी लागते. 2013 साली सानोफी या औषध कंपनीने इटलीत त्याचे मोठे उत्पादन सुरू केले.

आणि बाजारात ते मागे पडले. किलोला 350 डॉलरहून जास्त खर्च, तर शेतातला माल 250 डॉलरच्याही खाली आलेला. कारखाना पुढे विकला गेला.

याला अपयश म्हणणे मला मान्य नाही. शेतमाल स्वस्त आहे तोवर तोच घ्यावा, त्यावर हजारो छोट्या शेतकऱ्यांची चूल पेटते. पण पीक बुडाले त्या वर्षी टाक्या तयार असायला हव्यात. गहू-तांदळाचा राखीव साठा आपण नफ्यासाठी ठेवत नाही, तसेच हेही. संशोधनाला गेट्स फाउंडेशनने 4 कोटी डॉलरहून अधिक दिले, पण टाक्या राखून ठेवण्याचा खर्च कंपनीच्या नफ्या-तोट्यावर सोडला गेला. तो औषध खरेदी करणाऱ्या सरकारांनी आणि जागतिक निधींनी दरवर्षी उचलावा, आणि त्याच करारात शेतकऱ्याला किमान भावाची हमीही लिहून द्यावी.