विकता न येणारी जमीन

माझ्या फ्लॅटवर वीस वर्षांचं कर्ज आहे. तरी बँकेचे पैसे चुकते करून मी तो कधीही विकू शकतो. वनहक्काचा पट्टा मिळालेल्या एखाद्या वारली शेतकऱ्याच्या डोक्यावर एक रुपयाचंही कर्ज नसेल, पण त्या जमिनीतला एक गुंठाही त्याला विकता येत नाही. मग ती जमीन त्याची आहे, असं म्हणायचं का?

2006 च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच आदिवासींवर झालेला 'ऐतिहासिक अन्याय' मान्य केला. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जे आदिवासी कुटुंब वनजमीन कसतंय, त्याला जास्तीत जास्त चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो आणि पुढे वारसांकडे जातो. विकणं मात्र बंद. आमच्या कामाच्या भाषेत, 'एडिट'ची परमिशन आहे, 'ट्रान्सफर'ची नाही.

यातली खटकणारी गोष्ट उघड आहे. शहरातल्या माणसाला स्वतःचं बरंवाईट कळतं आणि आदिवासीला कळत नाही, असं कायदा गृहीत धरतो की काय?

याचं उत्तर इतिहासात सापडतं. जुन्या ठाणे जिल्ह्यात 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने त्याच्याकडे राबत राहायचं. अनेकांचा सगळा जन्म त्यात गेला. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. कागदावर पाहिलं तर लग्नगडीही 'राजीखुशीचा करार'च होता. ज्याच्या घरात आज दाणा नाही, त्याच्या राजीखुशीला काय अर्थ? अडलेल्या माणसाला विकण्याची मुभा दिली, की तिचा फायदा बहुतेक वेळा विकत घेणाराच उचलतो. म्हणून मला हे बंधन पटतं.

पण गोष्ट इथेच संपत नाही. जी जमीन विकता येत नाही, ती तारण म्हणून बँकेच्याही फारशी कामाची नसते. विहीर खणायला, पंप बसवायला पैसा लागतो. तो मिळाला नाही, तर पट्टा हातात असूनही माणूस पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातो. अशा वेळी आपण त्याची जमीन वाचवली असं म्हणायचं, की त्याला नुसतं तिच्याशी बांधून ठेवलं?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने यातून वाट काढली. 2009 मध्ये या गोंड गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी गावाच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनखात्याच्याच हातात होते. माल आपला आणि शिक्का दुसऱ्याचा, तर भाव कोण ठरवणार? गाव भांडत राहिलं आणि 2011 मध्ये परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यानंतर बांबू कुणाला आणि कसा विकायचा, हे गाव ठरवू लागलं. जंगल आजही विक्रीला नाही, पण गावाची मिळकत त्यातूनच येते. कुणी 'मदत' करून जे झालं नसतं, ते निर्णयाचा अधिकार मिळाल्याने झालं.

मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आले. त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको, म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले. पायांना फोड आलेले असताना ज्यांना दुसऱ्याच्या मुलांची परीक्षा आठवते, त्यांना स्वतःच्या जमिनीचं भलं कळणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

'विकू नका' असं सांगणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. विकावी लागू नये इतकं पाणी, तारणाशिवाय कर्ज आणि मालाला भाव मिळायला हवा. हे सगळं देणार नसू, तर 'विकू नका' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला?