माशाला दुखतं का?

पोटासाठी मासा मारला तर चालतं, मजेसाठी मारला तर ते क्रूर. आपल्यातल्या बहुतेकांचा हिशोब इतका सरळ असतो. पण हिवाळ्यात नांदेडजवळ गोदावरीच्या काठावर गळ टाकून बसलेल्या आमच्यासारख्यांना हा हिशोब लावून बघा, जमत नाही. आम्ही तिथं भुकेपोटी जात नाही. डब्यात भाकरी-ठेचा असतो, शेतात ज्वारीचा हुरडा आलेला असतो. मग मासा कशासाठी?

दर हिवाळ्यात आमच्याकडे सगळे जमतात. नांदेडचे मामा, लातूरची मावशी, आजी आणि पुण्याहून सुट्टी टाकून आलेले आम्ही दोन-तीन मित्र. विष्णुपुरीच्या फुगवट्यात मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारूनच मामा जागा धरतात. नदी सगळ्यांची असली तरी तिथले रोहू-कटला बहुतेक बोटुकली सोडून वाढवलेले असतात. आमची हौस ही कुण्या भोयाची रोजी असते, हे मामा विसरू देत नाहीत. थंडीत मासाही सुस्त असतो, कारण त्याचं अंग पाण्याइतकंच गार. ऊन चढेपर्यंत तो आमिषाला तोंड लावत नाही.

गेल्या जानेवारीत उन्हं वर आल्यावर मामांना एक रोहू लागला. तो काठावर उडायला लागला तशी मावशीची आठ वर्षांची नात म्हणाली, "आबा, त्याला दुखायलंय का?"

मामांनी उत्तर टाळलं नाही. "दुखत असंल की. म्हणून तर लवकर करायचं असतंय." आणि दांडक्याचा एकच घाव डोक्यावर घातला.

माझा मित्र कळवळून म्हणाला, "मामा, पुढचा लागला की फोटो काढू आणि सोडून देऊ. जीव वाचेल, मजाही होईल."

ऐकायला हे सगळ्यात दयाळू वाटतं. पण नीट बघितलं तर काय उरतं? माशाच्या ओठातून लोखंड आरपार जाणार, तो पाण्याबाहेर तडफडणार, आणि हे सगळं फोटोसाठी. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा टिपणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. ओठात आम्ल टोचल्यावर काही मासे टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते, खाणं टाळत होते. माशाला वेदना आपल्यासारखी जाणवते का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे. पण शंकेला जागा आहे म्हटल्यावर शंकेचा फायदा कुणाला द्यायचा? आपल्याला की माशाला? स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूनं मासे धरायला कायद्यानं मनाई आहे. खायचा नसेल तर त्याला छळायचं कशाला, असा त्यामागचा विचार. मामांनी तो कायदा वाचलेला नाही. "खायचा नसंल तर गळ टाकायचाच कशाला?" एवढंच ते म्हणाले. बारकं पिल्लू लागलं तर ते सोडतात, पण ते वाढावं म्हणून.

तरी मूळ प्रश्न उरतोच. खाण्याचीही गरज नव्हती. इथं सगळ्यात स्वच्छ उत्तर आजीचं आहे. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती मासा खात नाही आणि कुणाला शिकवायलाही जात नाही. त्या दुपारी नातीनं ताट सरकवलं, तेव्हा आजीनं तिला आपल्या शेजारी बसवून पिठलं वाढलं. मामा काही बोलले नाहीत. मला दोघंही पटले, आणि माझी अडचण तिथंच सुरू झाली.

पुण्यात मी अ‍ॅपवरून मासा मागवतो. साफ केलेला, तुकडे केलेला, काटा काढलेला. तो कुठं, किती वेळ तडफडला हे मला कुणी विचारत नाही, मीही विचारत नाही. पैठणच्या नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते गाढव डोळ्यांसमोर तडफडत होतं. जे समोर नाही त्याचं काय? नांदेडचं सांडपाणी नाल्यांमधून याच गोदावरीत उतरतं. मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा चर्चा माणसांच्या घागरींची होती, आणि ती व्हायलाच हवी होती. पण धरण आटतं तेव्हा त्यातल्या माशाचं काय होतं, हे कळायला संशोधन लागत नाही. आपली ऊसशेती, आपल्या बोअरवेल, आपले नाले यांना गळासारखं टोक नसतं. म्हणून ते टोचताना दिसत नाहीत.

भूक की मजा, या प्रश्नापेक्षा मला आता दुसरा प्रश्न जास्त उपयोगी वाटतो: जे आपल्यामुळे मरतं, त्याच्याकडे आपण बघायला तयार आहोत का? मामा बघतात आणि लवकर आटपतात. आजी बघते आणि हात मागे घेते. मासा मारावा की नाही यावर आमच्या घरात दोन मतं आहेत, ती तशीच राहतील. पण लागेल तेवढंच घ्यावं, दुखणं लांबवू नये आणि नजरेआड मरणाऱ्याचाही हिशोब आपल्याच खात्यावर मांडावा, यावर दोघांचं भांडण होणार नाही. मांडायला सर्वात अवघड हिशोब यातला शेवटचा आहे, आणि तो मामा-आजीपेक्षा माझ्या पिढीच्या नावावर जास्त आहे.